झुमरीच्या खोड्या आणि माझं लोढणं

मी भिंगरी बोलतेय. कपाळावर केसांचा गोल भोवरा आहे, म्हणून भिंगरी. रंग तांबूस, उंची बेताची, आमच्या कोकणातल्या सगळ्याच गायींसारखी. दहा वर्षं पुरी व्हायला आली मला. आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात बोलतेय. गाय म्हणजे गरीब, गाय म्हणजे शांत, असं पोरं निबंधाच्या वहीत लिहितात. आज ती वही जरा मिटून ठेवा.

रागाचं कारण माझ्या समोरच खुंटीला लटकतंय. हातभर लांबीचं लाकूड, एका टोकाला भोक आणि भोकात दोरी. याला लोढणं म्हणतात. कुंपण ओलांडणाऱ्या जनावराच्या गळ्यात ते बांधतात. चालताना ते पुढच्या गुडघ्यांवर आपटत राहतं आणि जनावर पळायचं विसरतं. चार वर्षांपूर्वी ते माझ्या गळ्यात होतं. आज ते माझ्या मुलीच्या, सोनकीच्या गळ्यात घालणार आहेत. काल संध्याकाळी ठरलं तसं.

सोनकीने काही केलेलं नाही. मीही केलं नव्हतं. सगळं केलं ते झुमरीने, आणि झुमरी नावाची गाय या जगात कधी जन्मलेलीच नाही.

पण पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म १९९८ सालचा, मार्गशीर्षातला. रत्नागिरीहून निघालं, मिरजोळ्याचे कारखाने मागे टाकले, की सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमची वाडी लागते. तिथे आप्पांचं घर, घराच्या मागे गोठा आणि गोठ्याच्या मागे आंब्यांची बाग. मी जन्मले तेव्हा आप्पांची सून लीला कंदील घेऊन उभी होती. तिने मला पेंढ्याच्या बोळ्याने पुसलं आणि म्हणाली, "आप्पा, कपाळावर भिंगरी आहे हो हिच्या." तेच नाव राहिलं.

लीलाचा नवरा अनिश मुंबईला नोकरीला. तो गणपतीला आणि मे महिन्यात यायचा. घरात आप्पा, लीला आणि तिची दोन मुलं, सलिल आणि उर्वी. उर्वी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी चालायला लागले तेव्हापासून ती माझ्या दाव्याला धरून चालायची. मला कधी तिने काठी दाखवली नाही. फणसाची चारखंडं, गरे काढून उरलेली सालं, खिशातून आणायची आणि फ्रॉकला चीक लागला म्हणून आईची बोलणी खायची. अशा मुलीवर राग धरणं कठीण असतं. तरी मी धरला, आणि का धरला ते तुम्हाला कळेलच.

आमच्या बागेला सभोवार चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे. आत जायला एकच वाट, आणि त्या वाटेला बेडं. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन खांब रोवलेले असतात. खांबांना समोरासमोर भोकं पाडलेली असतात आणि त्या भोकांतून पाच बांबू आडवे घातलेले असतात. आत जायचं तर प्रत्येक बांबू दोन्ही हातांनी धरून एका बाजूला लांबपर्यंत ओढावा लागतो. याला कडी नाही, कोयंडा नाही. ढकलून ते उघडत नाही. त्याला हातच लागतात, आणि तेही दोन. एवढं लक्षात ठेवा. माझं पुढचं सगळं म्हणणं या पाच बांबूंवर उभं आहे.

२००४ साली गणपतीत अनिशने नवा टीव्ही आणला आणि आमच्या वाडीत केबल आली. टीव्ही माजघरात ठेवला. मागचं दार उघडं असलं की गोठ्यातून सरळ तो दिसतो. संध्याकाळी साडेपाचला लीला धारेला बसायची, दार उघडंच असायचं, आणि नेमकं तेव्हाच ते कार्टून लागायचं.

त्यात एक गोठा होता. गोठ्यात एक गाढव, तीन कोंबड्या, एक भित्रं मेंढरू आणि गाय. गायीचं नाव झुमरी. मालक चष्मेवाला, मूर्ख. मालकाची पाठ वळली की हे सगळे मागच्या पायांवर उभे राहायचे आणि खोड्या सुरू करायचे. मालकाची टोपी लपव, त्याच्या गाडीतून फिरायला जा, त्याच्या पिठात मीठ घाल. मालक आला की पुन्हा चार पायांवर, तोंडात गवत. मुलं हसून लोळायची.

पहिले दोन-तीन दिवस मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आपल्या जातीचं कुणीतरी माजघरात पोचलं म्हणून. मग मी नीट बघायला लागले.

ती झुमरी मागच्या पायांवर उभी राहून सायकल चालवायची. आम्हाला बसल्या जागेवरून उठायचं तरी आधी मागचा भाग उचलावा लागतो, मग पुढचे पाय. तिच्या गोठ्यात शेण नव्हतं. कधी म्हणजे कधीच नव्हतं. तिला गोमाशा चावत नव्हत्या. तिची धार काढायला कुणी बसत नव्हतं. तिला वासरू नव्हतं आणि वासराची काळजीही नव्हती. मग राहिलं काय तिच्यात गायीचं? दोन शिंगं आणि काळे पांढरे ठिपके.

त्यातही तिचं फाटक. लोखंडी होतं ते. झुमरी नाकाने कडी वर करायची आणि फाटक आपोआप उघडायचं.

मुलांचा खेळ सुरू झाला तो तिथूनच. सलिल तेव्हा अकरा वर्षांचा, उर्वी आठ. सलिल आप्पांची टोपी माझ्या शिंगात अडकवायचा. एकदा त्याने आप्पांचं उपरणं माझ्या गव्हाणीत टाकलं. गव्हाणीत पडलेलं तोंडात जातंच, मी अर्धं चावलं. आप्पा ओरडत आले, तर सलिल म्हणाला, "मी नाही आप्पा, भिंगरीने दोरीवरून ओढलंन. झुमरीचं बघून शिकली ती."

आप्पांनी तेव्हा त्याच्या कानाला धरायला हवं होतं. त्यांनी काय केलं? ते हसले. पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी ओटीवर पाहुणे आले तर त्यांना सांगितलं, "आमची भिंगरी रोज साडेपाचला टीव्ही बघते हो. परवा माझं उपरणं खाल्लंन. कार्टूनात शिकवलंनी म्हणे."

पाहुणे हसले. मग ही गोष्ट बाजारात गेली, देवळात गेली. मांडवीला आप्पांची बहीण असते, तिच्याकडेही पोचली. लोक मला बघायला यायला लागले. "हीच का ती?" असं विचारायचे. आप्पा दर वेळी गोष्टीत थोडी भर घालायचे. आधी फक्त उपरणं होतं. मग म्हणे मी घंगाळ पालथं केलं, मग कोंबड्यांचं खुराडं उघडलं. खुराडं सलिलने उघडलं होतं. मी बांधलेली होते, आणि दोर माझ्या गळ्यात सगळ्यांना दिसत होता. पण हसणाऱ्या माणसाला दोर दिसत नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

आप्पांच्या बागेत एक जुना हापूस होता. त्या वर्षीच्या ज्येष्ठातल्या वाऱ्याने तो मुळासकट आडवा झाला. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. मग सदूला बोलावून त्यांनी त्या पडलेल्या झाडाच्या काड्या घेतल्या आणि स्वतःच्या हाताने कलमं बांधली. सदू म्हणजे आमच्या बागेत वर्षानुवर्षं काम करणारा गडी, वाडीच्या खालच्या अंगाला राहतो. बारा कलमं बांधली, त्यातली तीन जगली. ती तिन्ही पावसात बागेत लावली. आप्पा रोज सकाळी उठून आधी त्यांची पानं मोजायचे, मग तोंड धुवायचे.

आश्विन महिना होता. त्या संध्याकाळी लीला तुळशीजवळ होती आणि आप्पा देवळात. सलिल गोठ्यात आला आणि त्याने माझं दावं सोडलं. उर्वीच्या हातात कोंड्याची बादली होती.

"आज फाटकाचा भाग करायचा," सलिल म्हणाला. "ती सगळ्यांना बागेत घेऊन जाते ना, तो."

"पण आपल्याकडे फाटक नाही," उर्वी म्हणाली.

"बेडं आहे की. मी उघडतो, तू कोंडा दाखव. नंतर बोलायचं तिनेच उघडलंन."

त्याने पाचही बांबू एकेक करून ओढले आणि गडग्याला नीट उभे करून ठेवले. नीटनेटका मुलगा आहे, बाकी काहीही म्हणा. उर्वी बादली हलवत पुढे आणि मी मागे. मी का गेले? कारण ती बोलवत होती. सहा वर्षं जिच्या मागे चालले, तिच्या मागे त्या दिवशी का जाऊ नये, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात माजघरातून त्या कार्टूनचं गाणं सुरू झालं. दोघंही बादली टाकून पळाली. मी बागेत, बेडं सताड उघडं.

मी ती कलमं खाल्ली. तिन्ही खाल्ली. समोर कोवळी पानं होती आणि मी गाय आहे. मी झुमरी असते तर कदाचित पानं मोजून परत आले असते.

आप्पा देवळातून आले तेव्हा मी तिसऱ्या कलमाचा शेंडा चावत होते. ते ओरडले नाहीत. तिथल्या तिथे खाली बसले. तीन बोडक्या काड्यांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा बघून मी चावायची थांबले, इतकं सांगते.

मग त्यांनी मुलांना हाक मारली. लीला आली, सदूही हाक ऐकून आला.

"बेडं कुणी काढलंन?"

"भिंगरीने," सलिल म्हणाला.

"गायीने?"

"हो आप्पा. तोंडाने. झुमरी काढते तसं. मी बघितलं ना."

आप्पांनी उर्वीकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. काही बोलली नाही. माझा तिच्यावरचा राग तो तिथला.

सदू गडग्यापाशी जाऊन बांबू बघून आला. "आप्पा, गायीन काडलान तर बांबू खाली पडंल. हे पाचच्या पाच गडग्याला टेकून हायत. टोकं बगा, एका रांगंत. गाय काय शाळंत जाते?"

"सदू, तू टीव्ही बघत नाहीस," आप्पा म्हणाले. "ती रोज बघते."

मालकापुढे सदू एकदा बोलला, दोनदा नाही बोलला. आणि आप्पांनी का ऐकावं? महिनाभर तेच सगळ्यांना सांगत होते की आमची गाय शिकली आहे. ज्या बेड्याचे बांबू त्यांनी जन्मभर स्वतःच्या दोन हातांनी ओढले, त्या बेड्यापेक्षा त्यांना स्वतःची गोष्ट खरी वाटली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सदूला लोढणं करायला सांगितलं. सदूने दोन दिवस लावले. आणलं तेव्हा आप्पांनी हातात तोलून पाहिलं. "हलकं वाटतं रे."

"सुकलंय," सदू म्हणाला.

पांगाऱ्याचं होतं ते. पांगाऱ्याइतकं हलकं लाकूड आमच्याकडे दुसरं नाही. लीलाने ओळखलं, पण ती बोलली नाही. सदूने माझ्यासाठी तेवढं केलं आणि मी ते विसरलेले नाही. तरी हलकं लाकूडही गुडघ्यावर दिवसभर आपटलं की गुडघा सुजतो. मी तेव्हा पाच महिन्यांची गाभण होते. उतारावरून पाण्याला जाताना ते पायांत यायचं आणि मी पोट सांभाळत एकेक पाऊल टाकायचे. पलीकडे माजघरात झुमरी सायकल चालवत असायची.

आणि एवढ्यावर भागलं नाही. आप्पांनी मला देऊन टाकायचं ठरवलं. आतल्या गावातला विठू, आंब्याच्या दिवसांत आणि साफसफाईला आमच्या बागेत कामाला येतो, त्याला शब्द दिला. "पाडव्यानंतर घेऊन जा. भाऊबीजेला ये." पाडव्याआधी गाय घराबाहेर काढायची नाही, म्हणून तेवढे दिवस मला मिळाले. लीला संध्याकाळी धार काढून झाली तरी माझ्याजवळ बसून राहायची. एकदा म्हणाली, "तू नाही काढलंस बेडं. मला ठाऊक आहे." मग पदराने डोळे पुसून आत गेली. मला ठाऊक असून काय उपयोग, आप्पांना सांग की, असं मला म्हणायचं होतं. मला म्हणता येत नाही. तिला येत होतं.

पाडवा आला. आमच्याकडे त्या दिवशी गुरांना न्हाऊ घालतात. लीलाने माझ्या अंगावर वाटीच्या काठाने गेरूचे आणि तांदळाच्या पिठाचे गोल उमटवले, गळ्यात झेंडूची माळ घातली. माळ वर आणि लोढणं खाली.

त्याच दिवशी मुलं अंगणात शेणाचा छोटा गोठा करतात. कारीट नावाचं कडू रानफळ असतं, त्याला काड्यांचे चार पाय लावले की झाली गुरं. उर्वी दरवर्षी करायची. त्या वर्षी तिने गोठा केला, मागे बाग केली, आणि बागेच्या वाटेला बेडंही केलं. केळीच्या खोडाच्या सोपटाचे दोन खांब, त्यांना भोकं, भोकांत झाडूचे पाच हीर. मग एका कारिटाच्या गळ्यात तिने दोऱ्याने काडी बांधली. ती मी होते.

आप्पा ओटीवरून उतरून बघायला आले. "अगो, बेडंसुद्धा केलंस? छान. आता भिंगरी आत कशी जाते ते दाखव."

उर्वीने कारीट उचललं आणि हिरांवर टेकवलं. हीर वाकले, पण उघडले नाहीत. तिने पुन्हा टेकवलं.

"नाही उघडत," ती म्हणाली.

"तोंडाने काढेल की. झुमरी काढते तशी."

"झुमरीचं बेडं नाहीच आप्पा. तिचं फाटक आहे, कडीचं." उर्वीने कारीट खाली ठेवलं आणि दोन बोटांनी एक हीर धरला. "आपलं असं ओढायला लागतं." तिने पाचही हीर एकामागून एक ओढले आणि शेणाच्या भिंतीला टेकून उभे केले, टोकं एका रांगेत. "दादाने काढलंन. मी कोंडा दाखवला."

लीला ओवाळायचं तबक घेऊन उभी होती. ते तिच्या हातात तसंच राहिलं. सलिलला हाक गेली. तो आला, त्याने ते हीर बघितले आणि त्याला काय झालंय ते कळलं.

"खोटं का बोललास?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात, भिंगरी शिकली म्हणून," सलिल म्हणाला.

आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारची गंगुबाई तिच्या अंगणात होती, तिला ऐकू गेलं नव्हतं. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "हे घराबाहेर जायला नको."

लीलाने माझ्या गळ्यातून लोढणं काढलं आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. मला वाटलं संपलं. उर्वीवरचा अर्धा राग मी तिथेच सोडला. आठ वर्षांच्या पोरीने उशिरा का होईना, खरं केलं. अर्धा मात्र ठेवला, कारण माझे गुडघे अजून सुजलेले होते.

भाऊबीजेला विठू नवं दावं घेऊन आला. आता बघा माणसाची करामत. शब्द दिलेला, आणि तो मोडायचा तर कारण हवं. खरं सांगावं तर नातू खोटारडा ठरतो आणि आपण मूर्ख ठरतो. आप्पा म्हणाले, "विठू, नको नेऊस हिला. फार खोडीची आहे. परवा पुन्हा बेडं काढलंन."

"लोढणं असतानी?"

"लोढणं असताना."

विठूने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या भुताकडे बघावं. "मग नको आमाला. आमची भाजीपाल्याची वाडी हाय." नवं दावं खांद्यावर टाकून तो गेला.

ज्या खोट्याने मला घराबाहेर काढत होते, त्याच खोट्याने मला घरात ठेवलं. मी राहिले. माघात सोनकी झाली, त्याच गोठ्यात, त्याच खुंटीखाली. मी आनंदात असायला हवं होतं, आणि होतेही. पण माझं नाव मला परत मिळालं नाही.

तेव्हापासून वाडीत कुणाचंही बेडं उघडं राहिलं की भिंगरी. गंगुबाईचा पडवळाचा मांडव मोडला, भिंगरी. त्या दिवशी मी तापाने निजून होते, औषध पाजायला डॉक्टर आलेले होते, तरी भिंगरी. गंगुबाई हसत हसत गाऱ्हाणं आणायची, "आप्पा, तुमच्या कार्टूनवालीला आवरा हो." आप्पाही हसायचे. ते कार्टून दुसऱ्याच वर्षी बंद झालं. झुमरीचं नाव आता त्या दोन मुलांनाही पटकन आठवत नसेल. तिचं सगळं माफ, तिच्या खोड्या माझ्या नावावर.

आणि सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? आप्पांनी ते खोटं इतक्या वेळा सांगितलं की आता त्यांना ते खरंच वाटतं. पाडव्याचे ते हीर ते विसरले. तीन कलमांच्या काड्या मात्र विसरले नाहीत.

काल संध्याकाळी सलिल क्लासहून सायकलवरून आला. आता दहावीला आहे, उंच झाला आहे. मागच्या बाजूने सायकल गडग्यावरून उचलून बागेतून आलं की घर जवळ पडतं. त्याने बेड्याचे बांबू ओढले, सायकल काढली आणि बांबू परत न घालता निघून गेला. मी पाहिलं. सोनकी चरत चरत आत गेली. ती साडेतीन वर्षांची आहे, पहिलटकरीण, सातवा महिना चालू आहे. तिने काही खाल्लंही नाही, नुसती सावलीला उभी होती.

आप्पांनी पाहिलं आणि म्हणाले, "आईवर गेली. लीला, ते लोढणं काढून ठेव. सकाळी घालू."

कालपासून मी रवंथ केला नाही. माझ्या पोटात तेव्हा सोनकी होती. लोढण्याबरोबर चालणं म्हणजे काय हे तिला जन्माआधीपासून माहीत आहे. आता तिच्या पोटातल्यालाही कळणार. एका गोष्टीत सांगितलेल्या खोडीची शिक्षा तिसऱ्या पिढीपर्यंत.

हे सांगता सांगता सकाळ झाली. उर्वी शाळेच्या कपड्यांत गोठ्यात आली. बारा वर्षांची आहे आता, दोन वेण्या घालते. तिने खुंटीवरून लोढणं काढलं. मला वाटलं, हीच बांधणार. मी शिंगं खाली केली. तिच्यावर मी जन्मात कधी शिंगं रोखली नव्हती, आज रोखली. तिने माझ्याकडे पाहिलं, सोनकीकडे पाहिलं आणि लोढणं घेऊन न्हाणीकडे गेली.

न्हाणीत पाण्याचं तपेलं चुलीवर होतं. लीला झावळ्या सारत होती. उर्वीने ते लाकूड पुढे केलं. लीलाने एक क्षण पाहिलं, चुलीतली एक फाटी बाजूला ओढली आणि जागा करून दिली. पांगारा चार वर्षं सुकलेला, लगेच धरला.

थोड्या वेळाने आप्पा दोरी घेऊन गोठ्यात आले. खुंटी रिकामी.

"लीला, लोढणं कुठे आहे?"

"न्हाणीत. पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या."

"लोढणं न्हाणीत कशाला?"

"पांगारा होता," लीला म्हणाली. "लगेच पेटला."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. या घरात येऊन तिला सतरा वर्षं झाली, असं उत्तर तिने कधी दिलं नव्हतं. तिच्या मागे उर्वी दप्तर घेऊन उभी होती.

"सोनकीच्या गळ्यात काही घालायचं नाही आप्पा," उर्वी म्हणाली. "घालायचंच तर दादाच्या सायकलला घाला. काल बेडं त्याने उघडं टाकलंन. तेव्हाही त्यानेच काढलं होतंन. तुम्हाला मी पाडव्याला दाखवलं होतं."

आप्पांच्या हातातली दोरी खाली आली. त्यांना आठवलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर बघत होते, त्यांना ते हीर आठवले.

तेवढ्यात पडवीतून विठूचा आवाज आला. बाग साफ करायला तो आणि सदू आज लवकर आले आहेत, चहा घेत बसले आहेत. "आप्पा, लोढणं पायजे तर मी करून देतो. आईच्याच वळणावर गेली म्हनायची पाडी."

गंगुबाईही तिच्या अंगणातून म्हणाली, "जाणारच. कार्टूनवालीची लेक ती."

बघा आप्पा, सगळे जमले आहेत. यापेक्षा चांगली वेळ मिळायची नाही. मला माफी नको. मला तुम्ही दहा वर्षं पेंढा घातलात, पाणी दाखवलंत, माझं कसलंच येणं नाही तुमच्याकडे. मला फक्त माझं नाव हवं आहे, आणि माझ्या मुलीला तिचं. पाच बांबू आहेत, त्याला दोन हात लागतात, एवढंच मोठ्याने म्हणा. तुमचं हसं होईल. होऊ दे. माझं चार वर्षं झालं, मी काही मेले नाही.

आप्पांनी दोरी खुंटीला टांगली. धोतराचा सोगा सावरला. पडवीत गेले आणि घसा खाकरला.

"विठू," ते म्हणाले, "चहा खाली ठेव जरा. सदू, तूही ऐक. गंगुबाई, इकडे या. त्या भिंगरीबद्दल मी तुम्हाला चार वर्षांपूर्वी एक खोटं सांगितलं होतं."

मघाशी सोनकीने पेंढ्याला तोंड लावलं, ते बघून मीही आत्ता कुठे रवंथ सुरू केला होता. तो थांबवला. असली गोष्ट चावता चावता ऐकायची नसते.